संवाद शक्य नाही

३ ऑक्टोबर, सोमवार

ही वही ताईने दिली. ती काम करते त्या दातांच्या लॅबमध्ये टूथपेस्टच्या कंपनीकडून दरवर्षी फुकट डायऱ्या येतात, त्यातली एक. पानापानाच्या कोपऱ्यात एक हसरी दाढ आहे. वर्ष संपायला तीन महिने उरले असताना डायरी भेट देणारी बाई जगात माझी बहीणच असेल. देताना तिने आधी माझ्या डोक्याकडे बोट दाखवलं, मग वहीकडे. डोक्यातलं इथे ओत. म्हणजे घरच्यांवर ओतू नकोस.

बरं, ओतते. मी मूल्यमापन कार्यालयात सोळा वर्षं आहे. सरकार कायदा करतं, योजना काढतं, आणि चार-पाच वर्षांनी आम्ही जाऊन बघतो की त्याचा कुणाला काही उपयोग झाला का. थोडक्यात, दुसऱ्यांच्या कामाला गुण द्यायचं काम. त्यामुळे आम्ही कुणाला आवडत नाही, आणि आम्हाला त्याचं फारसं वाईट वाटत नाही.

यंदा आमच्या खोलीत तीन फायली आहेत. आरोग्य विमा विमाबाईंकडे. समुद्र आणि हवामानाचं संशोधन ज्यांच्याकडे आहे त्यांना आम्ही दर्यासारंग म्हणतो, कारण त्यांना बागेच्या तळ्यातल्या होडीतही मळमळतं. अपंग समानता कायदा माझ्याकडे. फाईल देताना संचालक मॅडम म्हणाल्या, "तुमच्या घरातच आहे, तुम्हाला वेगळं शिकवायला नको."

खरंच नको. ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. चौथ्या वर्षी तापात तिचे कान गेले. मला आठवतं तेव्हापासून तिचे कान मीच आहे. दुकानात, बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या बोलणीत, आणि नंतर ते लग्न मोडतानाही. तेव्हापासून ती आमच्याकडेच राहते. माझ्याशिवाय तिचं पान हलत नाही.

मसुदा झाला आहे. बाराशे अपंग माणसं, सगळी गेल्या वर्षभरात एखाद्या सरकारी कचेरीत किंवा रुग्णालयात गेलेली. फोनवरून मुलाखती. ९१ टक्के म्हणाले, काही अडचण आली नाही. १५ नोव्हेंबरला समितीपुढे मांडायचं आहे. सोळा वर्षांत इतकं स्वच्छ काम झालं नव्हतं.

५ ऑक्टोबर, बुधवार

अर्धी रजा. ताईच्या मानेत गाठ आहे, थायरॉईडची. सुईने तपासली होती, आज निकाल.

डॉक्टर भला माणूस, पण बोलका. पंधरा मिनिटं बोलत होता. निकालात वाईट काही नाही, मात्र शंभर टक्के खात्री कुणी देत नाही. दोन रस्ते आहेत. एक, आत्ताच काढून टाकायची. त्यात आवाजाच्या नसेला धक्का लागण्याची थोडी शक्यता. दुसरा, सहा महिने लक्ष ठेवायचं, पुन्हा तपासायचं, मग ठरवायचं. दोन्ही बरोबर आहेत, तुम्ही ठरवा, म्हणाला.

ताई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी खुणेने सांगितलं: गाठ. छोटी. काढायची. तिने विचारलं, आणखी काय म्हणाला? मी म्हटलं, इतकंच.

आता सगळं कसं सांगणार? आमच्या घरच्या खुणा. लहानपणी आम्ही दोघींनीच बनवलेल्या, त्यात 'नस' कुठून येणार! ताईला शाळेत शिकवलेली खरी खुणांची भाषा येते, तिच्या मैत्रिणी आल्या की त्यांची अशी काही बडबड चालते की हात दिसेनासे होतात. मला ती येत नाही. शिकायचं राहून गेलं. शिवाय सांगितलं असतं तर ती सहा महिने झोपली नसती. गाठ तिथे ठेवून मी तरी कशी झोपणार? विमाबाई म्हणाल्या होत्याच, ऑपरेशन पूर्ण विम्यात बसतं, करून मोकळ्या व्हा. आणि आवाजाची भीती ताईला कशाला? ऐकूच येत नाही तिला आवाजाचा काय उपयोग!

हे शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच ओटा पुसून आले. खोडत नाही. डोक्यातलं ओतायचं ठरलं आहे ना.

११ ऑक्टोबर, मंगळवार

मॅडमना मसुदा आवडला. विशेषतः तक्ता चौदा. बाराशेपैकी फक्त चौघांनी सांगितलं की रुग्णालयात खुणांच्या भाषेचा दुभाषी हवा होता. त्यावर माझी शिफारस क्रमांक सात: 'मागणी नगण्य असल्याने दुभाष्यांची कायम पदे रद्द करून गरजेप्रमाणे बाहेरून बोलवावेत.' वाक्य बेतशीर झालं आहे. मॅडम म्हणाल्या, समितीला असंच लागतं, एका श्वासात वाचून होणारं.

चहाला दर्यासारंग वैतागलेले. समुद्रात ठिकठिकाणी बोये सोडलेले असतात, वारा आणि लाटा मोजणारी तरंगती यंत्रं. त्यांच्या नोंदींत जागोजाग भोकं आहेत. मी म्हटलं, "मग भरून टाकायची. शेजारच्या दिवसांची सरासरी घ्यायची की झालं."

"अहो बाई," ते म्हणाले, "बोया बंद पडतो कधी? वादळात. तुम्ही तिथे सरासरी भरली की कागदावर वादळ झालंच नाही. मग पुढच्या वेळी किनाऱ्यावरच्या माणसाला काय सांगणार?"

विमाबाई म्हणाल्या, "चहाच्या कपातलं वादळ ते हेच." आम्ही खूप हसलो. दर्यासारंग हसले नाहीत. त्यांना विनोद कळत नाही.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

संध्याकाळी लॅबमधून ताईला घ्यायला गेले. खरं तर ती रोज दोन बस बदलून एकटी येते. लॅबमध्ये चार माणसं तिच्या हाताखाली आहेत, तरी ती स्वतः खिडकीशी बसते, समोर प्लॅस्टरचे जबडे मांडून. एका कवळीचा वरचा दात घासत होती. मला थांब म्हणाली, काम पूर्ण केलं, हात धुतले, आणि मग विचारलं.

डॉक्टरने दोन बोटं दाखवली होती. तू एक सांगितलंस. दुसरं काय?

ती ऐकत नाही म्हणून बघत नाही असं थोडंच आहे! मी म्हटलं, दोन आठवडे. दोन आठवडे घरी आराम करावा लागेल, असं म्हणाला.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग बाजूच्या जबड्यावर फडकं घातलं आणि दिवा बंद केला.

खोटं बोलले. पण वाईटासाठी नाही. तीस वर्षं तिच्यासाठी बँकेच्या रांगा लावल्या, त्या काय वाईटासाठी? एवढं म्हणून मन शांत व्हायला हवं होतं. झालं नाही.

२० ऑक्टोबर, गुरुवार

ताईने रुग्णालयात दुभाषी मागितला आहे. स्वतःच अर्ज केला, मला न विचारता. ९ नोव्हेंबरची वेळ मिळाली, पत्र माझ्यापुढे टेबलावर सरकवलं.

मी मेले आहे का? एका परक्या मुलीला बोलवायचं, तिच्यापुढे आपल्या गाठी-बिठी उघड करायच्या, आणि सख्खी बहीण असताना! नवऱ्याला म्हटलं तर तो म्हणतो, "तिचा गळा आहे, तिला हवं ते करू दे." याला कधीतरी माझी बाजू घेऊन बघायला काय होतं कोण जाणे.

ताईला मी सांगितलं की दुभाष्यांचा काही भरवसा नाही, आता ती पदंही जाणार आहेत. तिने विचारलं, का? मी खांदे उडवले. सरकार. कोण विचारणार!

हेही खोटंच की. निम्मं तरी.

२७ ऑक्टोबर, गुरुवार

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहिते, नाहीतर मी मलाच काहीतरी समजावून टाकेन.

जेवणं झाल्यावर ताईने पिशवीतून एक पत्र काढलं. आमच्या कार्यालयाचं बोधचिन्ह. 'आपली सर्वेक्षणासाठी निवड झाली आहे. आमचे प्रतिनिधी आपल्याला फोन करतील.' मार्च महिन्याची तारीख. खाली सही माझी, छापील.

ताई माझ्या यादीत होती! बाराशेंत चिठ्ठी निघाली आणि मला पत्ता नाही, कारण आमच्याकडे नावं येत नाहीत, नुसते क्रमांक येतात. काखेत कळसा नि गावाला वळसा.

तिने फोनवर टाईप करून दाखवलं, कारण हे आमच्या खुणांत मावणारं नव्हतं: "मी वाट बघितली. फोन थरथरला. उचलला आणि बोलले, मला ऐकू येत नाही, कृपया मेसेज करा. त्यांनी ठेवला. दुसऱ्या दिवशी परत. परत बोलले. तिसऱ्यांदा मी आरशासमोर आधी सराव केला. मग कुणीच केला नाही. तुला विचारणार होते. वाटलं, तू मुद्दामच माझं नाव काढलंस. बहिणीचं नको म्हणून."

ताई बाहेरच्यांशी कधी बोलत नाही. तिचा आवाज ऐकून लोक वळून बघतात हे तिला माहीत आहे. घरात मात्र बोलते, मला हाक मारते, माझ्या मुलीला रागावते, आणि हसते तेव्हा तर शेजारी ऐकू जातं. तो आवाज तिने तीनदा आमच्या फोनवाल्यांना दिला.

मी म्हटलं, उद्या बघते. ती निजायला गेली. मी इथे बसले आहे आणि मला माझीच लाज वाटते आहे.

२ नोव्हेंबर, बुधवार

चार दिवस फोनच्या नोंदी चाळत होते. प्रत्येक क्रमांकापुढे फोनवाल्या मुलींनी एक आकडा टाकायचा असतो. एक म्हणजे मुलाखत झाली, दोन म्हणजे फोन उचलला नाही, असं करत पाच म्हणजे 'संवाद शक्य नाही'. तीन प्रयत्नांनंतर तो क्रमांक सोडायचा आणि राखीव यादीतला पुढचा माणूस घ्यायचा. नियम माझा. मीच लिहिला, बाराशे भरायला हवेत ना. बाराशे भरले. एकही जागा रिकामी नाही म्हणून मी पेढे वाटायच्या बेतात होते.

पाच नंबर १६१ जणांना लागला आहे. त्यात वीस जण बोलताना अडखळणारे, बाकीचे ऐकू न येणारे. मूळ यादीत ऐकू न येणारे १४८ होते. शेवटच्या आकड्यात उरले सात. त्या सातांच्या फोनवरही उत्तरं दिली घरच्यांनी. कुणाच्या भावाने, कुणाच्या सुनेने. सातही जणांना काही अडचण नाही.

म्हणजे दुभाषी हवा का, हे मी ज्यांना तो लागत नाही त्यांना विचारलं. फोनवरून. आणि चौघे तरी हो म्हणाले, हेच नवल.

ताईच्या क्रमांकापुढे एका मुलीने शेरा लिहिला आहे: 'बाई विचित्र ओरडते.'

विमाबाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "तळटीप टाका," त्या म्हणाल्या. "अगदी बारीक अक्षरात. काही प्रतिसादकांशी संपर्क होऊ शकला नाही. तळटीप कुणी वाचत नाही, आणि आपण सांगितलं नाही असंही होत नाही." मग थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं: "माझ्याही फायलीत तेच आहे. विमा गाठ कापण्याचे पैसे देतो, समजावून सांगण्याचे देत नाही. डॉक्टर तरी किती वेळ बसणार?"

तळटीप टाकली. जिवात जीव आला. तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकला.

८ नोव्हेंबर, मंगळवार

मॅडमकडे गेले. हातात नोंदींची चळत. मनात सगळं घोकून ठेवलं होतं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "जे सुटले ते असमाधानी होते याचा काही पुरावा आहे?"

"नाही."

"मग?"

"समाधानी होते याचाही नाही, मॅडम."

"समिती आठवड्यावर आली आहे. फेरसर्वेक्षणाला तीन महिने लागतील. सोळा वर्षांत तुम्ही एकदाही तारीख चुकवली नाहीत." "हे तुमच्या बहिणीमुळे होतंय का?"

मी म्हटलं, "नाही." आणि म्हटल्यावर वाटलं, या बाईला निदान हे तरी खरं सांगायला हवं होतं. इमारतीतून बाहेर पडताना आमच्या कार्यालयाचा उतार दिसला, चाकाच्या खुर्चीसाठी बांधलेला. वर दाराला कुलूप, किल्ली रखवालदाराकडे, आणि रखवालदार दुसऱ्या इमारतीत. मी रोज त्याच्या शेजारच्या पायऱ्या चढते. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायचा मला पगार मिळतो.

उद्या रुग्णालय. ताईने सांगितलं आहे, यायचं तर ये, पण मागे बस.

९ नोव्हेंबर, बुधवार

मागे बसले. दुभाषी म्हणजे पंचविशीची मुलगी, काळा सदरा, केस घट्ट बांधलेले. सुरुवातीलाच तिने डॉक्टरला आणि ताईला सांगितलं, दोन्हीकडे: "या खोलीत जे बोललं जाईल ते सगळं मी पोचवणार. कमी नाही, जास्त नाही." मला वाटलं, किती चोंबडी आहे.

ताईने अकरा प्रश्न विचारले. मी मोजले, सवयच आहे. गाठ किती मिलिमीटर. सहा महिन्यांत वाढली तर काय. काढल्यावर गोळी रोज घ्यावी लागेल का. भूल देताना, हात बांधलेले असताना, दुखलं तर मी कसं सांगू? हा प्रश्न मला सात जन्मांत सुचला नसता. डॉक्टरलाही सुचला नव्हता. त्याने तो लिहून घेतला. माझी ताई, जिला मी तीन खुणांत आटपलं होतं, ती त्या मुलीशी भराभर हात चालवत होती आणि मला तिचं एक अक्षर कळत नव्हतं. मुलगी बोलायची तेव्हा कळायचं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या बहिणीचं बोलणं मी दुसऱ्याकडून ऐकत होते.

मग डॉक्टर आवाजाच्या नसेवर आला. ताईचे हात थांबले. मुलगी तिच्या वतीने म्हणाली, "हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

डॉक्टर गोंधळला. "पण मागच्या वेळी मी दोन्ही पर्याय तुमच्या बहिणीला—"

मी अर्धवट उठले आणि मुलीला हळूच म्हटलं, "अहो, एवढं सांगू नका तिला."

मुलीचे हात हलत होते. आधी डॉक्टरचं वाक्य. मग, माझ्याकडे न बघता, माझं. एवढं सांगू नका तिला. कमी नाही, जास्त नाही.

ताई वळली. मला वाटलं होतं रागावेल. ती रागावली नाही. एखादी कवळी नीट बसत नाही म्हणून परत आली की ती जशी बघते, कुठे चुकलं ते शोधत, तशी बघत राहिली. मग पुन्हा डॉक्टरकडे वळून तिने बाराव्यांदा हात उचलले.

"मी थांबते," मुलगी म्हणाली. "सहा महिने. माझा आवाज मला हवा आहे. घरात लागतो."

बसच्या थांब्यावर मी छातीवर मूठ फिरवली, चुकलं म्हणून. ताईने डोळे मिटून घेतले. ऐकणारा माणूस कानावर हात ठेवतो, तरी थोडं ऐकू येतंच. ताईने डोळे मिटले की संपलं.

१२ नोव्हेंबर, शनिवार

तीन दिवस ताई घरात आहे, जेवते, भांडी घासते, माझ्या मुलीशी हसते. माझ्याकडे बघत नाही. जिच्याशी बोलायचं तर तिने बघायला हवं, ती बघत नाही म्हणजे काय हे कुणाला सांगून कळणार नाही.

आज मेसेज आला, शेजारच्या खोलीतून. "दुभाषी म्हणाली, रुग्णालयात कळलं आहे, समितीने मान्य केलं की डिसेंबरपासून तिचं पद जाणार. एका अहवालामुळे. तुमच्या कार्यालयाच्या. कुणी लिहिला?"

मी बराच वेळ काही टाईप केलं आणि पुसलं. समिती ठरवते. आकडे तसे आले. मी फक्त मसुदा. शेवटी लिहिलं: "मी."

दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर नाही.

मग मी आणखी लिहिलं. तक्ता चौदा, पाच नंबर, राखीव यादी, सगळं. फोनवाल्या मुलीचं ते 'विचित्र ओरडते' सुद्धा लिहिलं. ते लिहायला नको होतं का? पण तेव्हा वाटलं, आता मी काय सांगायचं नि काय नाही हे ठरवणार नाही. त्यावर मात्र उत्तर आलं. "माहीत आहे कसं ऐकू जातं. मी बहिरी आहे, वेडी नाही."

१५ नोव्हेंबर, मंगळवार

समिती. लांब टेबल, नऊ माणसं, प्रत्येकापुढे पाण्याचा पेला आणि माझा अहवाल. मॅडम माझ्या डाव्या हाताला. माझ्याकडे बारा मिनिटं.

चौथ्या मिनिटाला मी म्हटलं, "तक्ता चौदा चुकीचा आहे. शिफारस सात त्यावर उभी आहे, म्हणून तीही." मॅडमचं पेन थांबलं. मी सगळं सांगितलं. नियम कुणाचा, ते आधी. १६१ माणसांना आम्ही फोन केला, त्यांना फोनवर बोलता येत नाही म्हणून त्यांच्या जागी बोलता येणारी माणसं घेतली, आणि मग लिहिलं की सगळं ठीक आहे. टपालाने आणि समोर बसून पुन्हा विचारायला तीन महिने हवेत.

कुणीतरी खोकलं. अध्यक्षांनी चष्मा काढला. वयस्कर गृहस्थ, आवाज मऊ. "तीन महिने फार होतात. तुम्ही या कामात सोळा वर्षं आहात, घरीही अनुभव आहे असं ऐकतो. तुम्हीच सांगा ना. या १६१ जणांचं म्हणणं साधारण काय असेल?"

मी तोंड उघडलं. उत्तर तयार होतं. नेहमीच असतं! दुभाषी हवेत म्हणतील, पदं ठेवा म्हणतील, आणि एवढं मी बोलले असते तर काम तिथेच झालं असतं, पदं वाचली असती, ताई माझ्याकडे बघायला लागली असती. सगळे माझ्याकडे बघत होते.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "मी विचारलेलं नाही."

समितीने शिफारस सात बाजूला ठेवली. पदं मार्चपर्यंत आहेत तशी. बाहेर व्हरांड्यात मॅडम माझ्या शेजारून पुढे निघून गेल्या. दर्यासारंगांना बातमी कशी कळली कोण जाणे. ते जिन्यात भेटले आणि नुसती मान डोलावून खाली गेले.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार

फाईल गेली. दर्यासारंगांकडे दिली, माझ्याकडे विमाबाईंच्या बेरजा तपासायचं काम. एका वाक्याचं पत्र, मॅडमच्या सहीचं. वाईट वाटलं का? वाटलं. खोटं कशाला लिहू, खूप वाटलं. स्वच्छतागृहात जाऊन रडले आणि तोंड धुऊन बेरजा तपासल्या. दोन चुका सापडल्या.

दर्यासारंग नवी प्रश्नावली घेऊन आले. कागदावरची, पाकिटात परत पाठवायची. म्हणाले, "नियमाने तुम्हाला दाखवायला नको. पण एखादा प्रश्न राहिला असेल तर सांगा." मी वाचली. एक प्रश्न राहिला होता. तो सांगताना त्यांच्याकडे बघवेना, म्हणून खिडकीकडे बघून सांगितला. त्यांनी लिहून घेतला. का, ते विचारलं नाही.

१० डिसेंबर, शनिवार

ताईचा कागद आला. क्रमांक तोच, मार्चमधला.

दुपारी ती जेवणाच्या टेबलावर बसली, कागदाखाली वर्तमानपत्र घेऊन, लॅबमध्ये बसते तशी ताठ. मी नियमाने दुसऱ्या खोलीत जायला हवं होतं. उत्तरं देणाऱ्याच्या शेजारी घरचं माणूस नको, हे मीच कितीदा शिकवलं आहे. उठले. तिने टेबलावर टकटक केलं. थांब.

गेल्या महिनाभरात ती माझ्याशी कामापुरती बोलते आहे. दूध आणलं का. किल्ली कुठे. मी पुन्हा बसले.

ती एकेक चौकट भरत गेली. दार रुंद होतं का. पाटी वाचता आली का. आठव्या प्रश्नावर तिने कागद फिरवून माझ्यापुढे धरला. तो माझा प्रश्न होता. माझा आहे हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं. 'आपल्या वतीने दुसरी व्यक्ती बोलली असल्यास, तिने डॉक्टरांचे सर्व म्हणणे आपल्याला सांगितले का?'

तिने माझ्या डोळ्यांदेखत 'नाही'वर खूण केली. ठळक, दोनदा गिरवून. आणि माझ्याकडे बघत थांबली.

सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. काळजी होती. प्रेम होतं. तीस वर्षांच्या रांगा होत्या. हात वर आले, आणि त्यातलं काही सांगितलं नाही. बरोबर आहे, एवढीच खूण केली.

तिने कागद परत ओढून घेतला. शेवटी 'आणखी काही सांगायचे आहे का?' म्हणून अर्धं पान रिकामं होतं. तिथे ती लिहू लागली. डावा हात आडवा धरून, शाळेत शेजारच्या मुलीने बघू नये म्हणून धरतात तसा. पान भरलं, मग मागच्या बाजूला लिहिलं. मधेच एकदा थांबून हसली, मोठ्याने, कशावर ते माहीत नाही.

पाकीट चिकटवून झालं तेव्हा मी हात पुढे केला. पेटी माझ्या वाटेवर आहे, टाकते. ताईने माझ्या हाताकडे पाहिलं, पाकीट पिशवीत घातलं, चपला चढवल्या आणि स्वतः टाकायला गेली.